प्रतिसादाच्या सवयी आणि मापनाची सप्रमाणता

स्वनिवेदन मापनीवर मिळणारा प्राप्तांक हा व्यक्तीच्या मनोवस्थेचा निदर्शक मानला जातो. प्रत्यक्षात त्यात तिच्या उत्तर देण्याच्या पद्धतीचाही वाटा असतो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन व शिक्षणशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांना, तसेच राष्ट्रीय पाहण्यांचे आकडे वापरणाऱ्या प्रत्येकाला हा वाटा ओळखता येणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात प्रतिसादाच्या प्रमुख सवयी, त्यांचा सप्रमाणतेवर होणारा परिणाम आणि त्यांवरील उपाय यांचा परामर्श घेतला आहे.

१९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्थेने सिंगूर परिसरात आरोग्यविषयक पाहणी केली. लोकांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आले. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के जणांनी आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती बेताची आहे, असे सांगितले. विधवा स्त्रियांमध्ये हे प्रमाण केवळ २.५ टक्के होते. त्यातही ‘प्रकृती बेताची’ या उत्तराकडे पाहिले, तर ४५.६ टक्के विधुरांनी ते निवडले होते. विधवांपैकी एकीनेही निवडले नव्हते. तत्कालीन ग्रामीण बंगालमध्ये अन्न, औषधोपचार व मानसन्मान या तिन्ही बाबतींत विधवा हा सर्वांत वंचित घटक होता. तरीही पाहणीच्या कागदावर त्या सर्वांत निरोगी ठरल्या. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात या आकडेवारीकडे लक्ष वेधले आणि व्यक्तीने स्वतःविषयी केलेले कथन हेच तिच्या स्थितीचे एकमेव प्रमाण मानण्यातील धोका दाखवून दिला.

या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. स्वतःच्या दुखण्याची दखल घेण्याची मुभा ज्यांना आयुष्यभर मिळाली नाही, त्यांची ‘बरे असण्या’ची कल्पनाच वेगळी घडली होती. प्रश्न एकच होता. पण उत्तर देणाऱ्यांची मोजपट्टी एक नव्हती. स्वनिवेदनावर आधारित मापनाची मध्यवर्ती अडचण या उदाहरणात सामावलेली आहे.

स्वनिवेदन मापनीचे स्वरूप

ज्या साधनात व्यक्ती स्वतःच्या भावना, मते, सवयी वा लक्षणे यांविषयी स्वतःच माहिती देते, त्यास स्वनिवेदन मापनी असे म्हणतात. अशा मापनीत सामान्यतः काही विधाने दिलेली असतात व प्रत्येक विधानापुढे पदनिश्चयन श्रेणी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये अभिवृत्ती मापनासाठी सुचविलेली पद्धती आजही सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्या रूढ पंचबिंदू रूपात ‘पूर्णपणे सहमत’, ‘सहमत’, ‘तटस्थ’, ‘असहमत’ व ‘पूर्णपणे असहमत’ असे पर्याय असतात. त्यांना ५ ते १ असे गुण देऊन सर्व विधानांवरील गुणांची बेरीज केली जाते. ही बेरीज म्हणजे व्यक्तीचा प्राप्तांक होय.

कमी खर्च, कमी वेळ आणि एकाच वेळी हजारो व्यक्तींची माहिती संकलित करण्याची सोय हे या साधनाचे गुण आहेत. शिवाय दुःख, समाधान, भीती, आत्मसन्मान यांसारख्या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. त्यांबाबत त्या व्यक्तीला विचारणे अपरिहार्य असते. तथापि, विधान वाचणे आणि खूण करणे यांदरम्यान एक मानसिक प्रक्रिया घडते. तिचे चार टप्पे मानले जातात: विधानाचा अर्थ समजून घेणे, संबंधित अनुभव आठवणे, त्यावरून निर्णय करणे आणि तो निर्णय दिलेल्या पर्यायांपैकी एकात बसविणे. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर विधानाच्या आशयाशी संबंध नसलेली एखादी सवय शिरकाव करू शकते.

विश्वसनीयता व सप्रमाणता

या दोन संज्ञांमध्ये परीक्षार्थींचा नेहमी गोंधळ होतो. मापन पुन्हा केले असता किंवा मापनीचे निरनिराळे भाग ताडून पाहिले असता निष्कर्षांत जी सुसंगती आढळते, ती विश्वसनीयता होय. जे मोजावयाचे आहे तेच मोजले जात आहे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सप्रमाणता. एखादा तराजू प्रत्येक वेळी २०० ग्रॅम वजन जास्त दाखवीत असेल, तर त्याचे मापन सुसंगत आहे, पण बरोबर नाही.

मापनीच्या अंतर्गत सुसंगतीसाठी ली क्रॉनबाक यांच्या नावाने ओळखला जाणारा अल्फा गुणांक वापरला जातो. त्यावरील त्यांचा सुप्रसिद्ध लेख १९५१ चा आहे. याच क्रॉनबाक यांनी त्यापूर्वी, १९४६ मध्ये, प्रतिसादाच्या सवयी व चाचणीची सप्रमाणता या विषयाची पद्धतशीर मांडणी केली होती. तोच आशय वेगळ्या स्वरूपात विचारला असता व्यक्तीने जे उत्तर दिले असते, त्याहून निराळे उत्तर सातत्याने देण्यास तिला प्रवृत्त करणारा कल, अशी त्यांची कल्पना होती. प्रश्न संदिग्ध किंवा अवघड असेल तेव्हा असा कल अधिक प्रबळ होतो, हेही त्यांनी नोंदविले. याचे कारण उघड आहे. आशयावरून उत्तर ठरविता येत नसेल, तर माणूस सवयीचा आधार घेतो.

पुढे डग्लस जॅक्सन व सॅम्युएल मेसिक यांनी १९५८ मध्ये आशय आणि शैली असा भेद स्पष्टपणे मांडला. एखाद्या विशिष्ट प्रसंगापुरता असलेला कल, उदाहरणार्थ नोकरीच्या मुलाखतीत चांगले दिसण्याची इच्छा, आणि निरनिराळ्या प्रसंगांत टिकून राहणारी उत्तर देण्याची शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवणे इष्ट ठरते.

प्रतिसादाच्या प्रमुख सवयी

सहमतीची प्रवृत्ती: विधानाचा आशय काहीही असो, ‘सहमत’ किंवा ‘होय’ म्हणण्याकडे असलेला कल म्हणजे सहमतीची प्रवृत्ती. याच्या उलट, सर्वच विधानांना नकार देण्याचा कलही काही व्यक्तींमध्ये आढळतो. या दोषाचे गाजलेले उदाहरण म्हणजे अधिकारशाही व्यक्तिमत्त्वाच्या मापनासाठी थिओडोर अडोर्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली ‘एफ’ मापनी. त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. या मापनीतील विधाने अशा रीतीने रचलेली होती की प्रत्येक वेळी सहमती दर्शविणे म्हणजे अधिकारशाही वृत्ती दर्शविणे होते. पुढील संशोधकांनी उलट अर्थाची विधाने तयार करून तीही विचारली, तेव्हा मूळ व उलट विधानांवरील प्राप्तांकांत अपेक्षेइतका तीव्र व्यस्त संबंध आढळला नाही. काही व्यक्ती दोन्हींना सहमती देत होत्या. कमी शालेय शिक्षण असलेल्या गटांत सहमतीची प्रवृत्ती तुलनेने अधिक आढळते. त्यामुळे ‘कमी शिकलेले लोक अधिक अधिकारशाही असतात’ यासारखा निष्कर्ष कितपत मतांचा आणि कितपत ‘होला हो’ देण्याचा, असा प्रश्न उपस्थित झाला.

सामाजिक इष्टता: समाजाला जे चांगले वाटते ते स्वतःकडे असल्याचे सांगणे आणि जे वाईट वाटते ते नाकारणे, हा कल सर्वांत परिचित आहे. अॅलन एडवर्ड्‌स यांनी १९५३ मध्ये व्यक्तिमत्त्वविषयक १४० विधाने घेतली. प्रत्येक विधान लोकांना किती इष्ट वाटते हे एका गटाकडून ठरवून घेतले आणि दुसऱ्या गटातील किती जण ते स्वतःला लागू करतात हे पाहिले. या दोहोंतील सहसंबंध ०.८७ इतका उच्च आढळला. डग्लस क्राउन व डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये हा कल मोजण्यासाठी ३३ विधानांची मापनी तयार केली. डेलरॉय पॉलहस यांनी १९८४ मध्ये त्याचे दोन घटक वेगळे केले: इतरांपुढे जाणीवपूर्वक चांगली प्रतिमा उभी करणे आणि स्वतःविषयी प्रामाणिकपणेच, पण वाजवीपेक्षा चांगले मत बाळगणे. पहिला घटक गोपनीयतेची हमी दिल्यास कमी होऊ शकतो. दुसऱ्यावर अशा हमीचा फारसा परिणाम होत नाही, कारण तेथे व्यक्ती इतरांपासून काही लपवीतच नसते. पाहुण्याला न दुखविण्याच्या रीतीतून मुलाखतकाराला आवडेल असे उत्तर देणे, हा याच कलाचा एक प्रकार होय. एमिली जोन्स यांनी १९६३ मध्ये आग्नेय आशियातील पाहण्यांच्या संदर्भात त्याची चर्चा केली आहे.

टोकाचे व मधले प्रतिसाद: काही व्यक्ती श्रेणीची दोन टोकेच निवडतात, तर काही सदैव मध्यबिंदूवर थांबतात. चुआनशेंग चेन, शिन-यिंग ली व हॅरोल्ड स्टीव्हन्सन यांच्या १९९५ च्या अभ्यासात जपान व तैवानमधील विद्यार्थ्यांनी मध्यबिंदूचा, तर अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी टोकांच्या पर्यायांचा वापर तुलनेने अधिक केल्याचे दिसले. मात्र या फरकामुळे सरासरींची आंतरराष्ट्रीय तुलना बदलून गेली नाही, असेही त्याच अभ्यासाने नोंदविले आहे. कल अस्तित्वात असणे आणि त्याने निष्कर्ष बिघडणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

बेफिकीर उत्तरे: प्रश्नावली लांबलचक असेल किंवा उत्तर देण्यात रस नसेल, तर माणूस विचाराचे श्रम वाचवतो. सर्व विधानांपुढे एकाच रकान्यात खुणा करणे हे त्याचे ठळक लक्षण होय. जॉन क्रॉसनिक यांनी १९९१ मध्ये ‘कामचलाऊ उत्तर’ या संकल्पनेच्या आधारे याचे स्पष्टीकरण दिले. प्रश्नाची कठीणता, उत्तर देणाऱ्याची क्षमता आणि त्याची प्रेरणा या तीन गोष्टींवर असे वर्तन अवलंबून असते.

येथे एक भेद नमूद करणे आवश्यक आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये वर्णिलेला वलय परिणाम हा मुख्यतः दुसऱ्या व्यक्तीचे पदनिश्चयन करताना होणारा दोष आहे. एका गुणाविषयीचे चांगले मत इतर गुणांच्या मूल्यमापनात झिरपते. त्याची गणना स्वनिवेदनातील सवयींमध्ये करू नये.

एक गणिती उदाहरण

समजा, आत्मविश्वासाच्या मापनीत १० विधाने आहेत व प्रत्येकासाठी १ ते ५ गुण आहेत. किमान प्राप्तांक १०, कमाल ५० आणि मध्य ३० होईल. ‘अ’ ही व्यक्ती आशय न पाहता प्रत्येक विधानाला ‘सहमत’ म्हणते. सर्व विधाने एकाच दिशेची असतील, तर तिचा प्राप्तांक १० × ४ = ४० होईल व ती आत्मविश्वासू ठरेल.

आता पाच विधाने उलट अर्थाची करून त्यांचे गुणांकन उलटे केले. त्या पाच विधानांवरील ‘सहमत’ या उत्तराला आता ४ ऐवजी २ गुण मिळतील. ‘अ’चा प्राप्तांक (५ × ४) + (५ × २) = ३० होईल. म्हणजेच सहमतीच्या प्रवृत्तीने दिलेला फुगवटा नाहीसा झाला.

परंतु येथे थांबून चालत नाही. ‘ब’ ही व्यक्ती सर्वत्र ‘तटस्थ’ म्हणते. तिचाही प्राप्तांक ३० येतो. प्रत्येक विधानाचा विचार करून काहींवर होकार व काहींवर नकार देणाऱ्या ‘क’ या व्यक्तीचाही प्राप्तांक ३० येऊ शकतो. तिघांची बेरीज समान. तिच्यामागील कारणे मात्र तीन. म्हणून केवळ एकूण गुण न पाहता उत्तरांचा आकृतिबंधही पाहावा लागतो.

शिवाय, विधानांचा समतोल साधल्याने प्रत्येक दोष दूर होत नाही. ‘ड’ व ‘इ’ यांचा आत्मविश्वास सारखाच आहे असे मानू. ‘ड’ला टोकाचे पर्याय निवडण्याची सवय असल्याने ती सरळ विधानांवर ५ व उलट विधानांवर १ अशी खूण करते, उलट गुणांकनानंतर तिचा प्राप्तांक ५० होतो. ‘इ’ संयमाने ४ व २ निवडते. तिचा प्राप्तांक ४० होतो. १० गुणांचा हा फरक आत्मविश्वासाचा नसून सवयीचा आहे, आणि समतोल मापनीतही तो तसाच शिल्लक राहतो.

सुसंगत म्हणजे सत्य नव्हे

वरील उदाहरणातून या विषयाचा गाभा स्पष्ट होतो. सवय ही मुळातच सातत्यपूर्ण असते. सर्व विधाने एकाच दिशेची असलेल्या मापनीत ‘होय’ म्हणणारी व्यक्ती प्रत्येक विधानावर वरचे गुण मिळवते आणि ‘नाही’ म्हणणारी प्रत्येक विधानावर खालचे. परिणामी विधानांमधील परस्परसंबंध वाढतो व अल्फा गुणांक उंचावतो. म्हणजे ज्या दोषामुळे सप्रमाणता घटते, त्याच दोषामुळे विश्वसनीयता वाढलेली दिसते. ‘अल्फा ०.९० आहे, म्हणून मापनी उत्तम’ हा युक्तिवाद त्यामुळे अपुरा ठरतो. ती सुसंगती आशयाची की सवयीची, हे स्वतंत्र पुराव्याने ठरवावे लागते.

असा पुरावा कसा मिळवावा, याची दिशा दोन लेखांनी दिली. क्रॉनबाक व पॉल मील यांनी १९५५ मध्ये संकल्पना सप्रमाणतेचा विचार मांडला. डोनाल्ड कॅम्बेल व डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये एकच गुण अनेक पद्धतींनी व अनेक गुण त्याच पद्धतींनी मोजून ताडण्याची रीत सुचविली. एकाच गुणाची भिन्न पद्धतींनी केलेली मापने परस्परांशी जुळली पाहिजेत. याउलट, भिन्न गुणांची मापने केवळ पद्धत एकच असल्यामुळे जुळत असतील, तर तो पद्धतीचा प्रभाव समजावा.

भारतीय संदर्भ

स्वनिवेदनाचा प्रश्न आपल्या देशात केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. केरळचे आयुर्मान देशात वरच्या क्रमांकाचे आहे. तरीही स्वतःहून नोंदविलेल्या आजारांचे प्रमाणही तेथे सर्वाधिक आढळते. आयुर्मानात मागे असलेल्या बिहारमध्ये मात्र ते अत्यल्प आढळते. सेन यांनी २००२ मध्ये या विसंगतीची चर्चा केली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीतही आजार नोंदविण्यात केरळ आघाडीवर होते. केरळमधील वृद्धांचे मोठे प्रमाण हे त्याचे एक कारण आहे. परंतु साक्षरता व आरोग्यसेवेशी असलेला निकट संबंध यांमुळे आजार ओळखण्याची व सांगण्याची क्षमता वाढते, हेही तितकेच खरे. केवळ स्वनिवेदनावर निधीवाटप केले, तर ज्यांना आजाराची जाणीवच करून दिली गेली नाही, त्यांच्या वाट्याला कमी निधी येईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. पतीने पत्नीला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते, याविषयी या पाहणीत सात प्रसंग एकामागून एक विचारले जातात. न सांगता बाहेर जाणे, वाद घालणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न राखणे हे त्यांपैकी काही. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी व ४४ टक्के पुरुषांनी किमान एका प्रसंगी मारहाण योग्य असल्याचे सांगितले. हे सातही प्रश्न एकाच दिशेचे आहेत. म्हणून ‘होय’ म्हणण्याच्या सवयीने हा आकडा काही प्रमाणात वाढण्याची शक्यता असते. त्याच वेळी अशा मताबाबत समाजात नापसंती असल्याची जाणीव असलेली व्यक्ती ते लपवील व आकडा घटेल, हीदेखील शक्यता असते. दोन सवयी परस्परविरुद्ध दिशांना ओढतात आणि त्यांचे बळ प्रत्येक गटात समान असेलच असे नाही. यामुळे हा आकडा निरर्थक ठरत नाही. मात्र दोन राज्यांची वा दोन गटांची तुलना करताना काही अंकांच्या फरकावरून मोठे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

याच पाहणीने प्रत्यक्ष हिंसाचाराविषयी विचारताना घेतलेली दक्षता अनुकरणीय आहे. ‘तुमच्यावर अत्याचार झाला काय’ असा ढोबळ प्रश्न विचारून न थांबता थप्पड मारणे, ढकलणे, हात पिरगाळणे, केस ओढणे अशा ठोस कृतींविषयी विचारले जाते. घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारले जातात आणि एकांत मिळाला नाही, तर हा भाग विचारला जात नाही. ‘अत्याचार’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकीच्या मनात निराळा असू शकतो. ‘थप्पड’ या शब्दाचा नसतो. संदिग्धता कमी केली की सवयीला वाव कमी उरतो, हे क्रॉनबाक यांचे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. तिच्या अहवालानुसार ६० वर्षे व त्यावरील वयोगटात, आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. लक्षणांवर आधारित प्रश्नमालिकेनुसार नैराश्याची शक्यता असलेल्यांचे प्रमाण ८.३ टक्के होते. लोक तेच, विषय तोच. प्रश्नाचे स्वरूप बदलताच आकडा दहापट झाला. या अंतरामागे उपचारसेवांचा अभाव हे मोठे कारण आहे. पण ‘तुम्हाला काय झाले आहे’ आणि ‘तुम्हाला काय होते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही बाबही त्यातून ठसते.

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन जी तपासणी-सूची भरते, तिच्या सुधारित नमुन्यात नैराश्याच्या चाळणीचे दोन प्रश्न आहेत: कामात रस वा आनंद न वाटणे आणि उदास वा निराश वाटणे. प्रत्येकास ० ते ३ गुण आहेत. ओसरीवर सासू व शेजारीण बसलेल्या असताना सुनेने दिलेला ‘शून्य’ आणि एकांतात दिलेला ‘शून्य’ यांचे मूल्य एक नसते. पहिल्या शून्यामुळे उपचारांची गरज असलेली एक व्यक्ती यादीतून वगळली जाऊ शकते. सप्रमाणतेचा प्रश्न येथे पाठ्यपुस्तकातून उतरून थेट माणसाच्या जीवनाशी येऊन भिडतो.

उपाययोजना

विधानांची रचना: सरळ व उलट विधानांचा समतोल राखावा. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या आत्मसन्मान मापनीत १० पैकी ५ विधाने सकारात्मक व ५ नकारात्मक आहेत. मात्र उलट विधान करण्यासाठी केवळ ‘नाही’ जोडू नये. ‘मला कधीही कंटाळा येत नाही’ यास असहमती दर्शविताना दुहेरी नकाराचा गोंधळ होतो. त्याऐवजी विरुद्ध अर्थाचे होकारार्थी विधान करावे. शक्य असेल तेथे ‘सहमत-असहमत’ टाळून ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस’ असे विषयानुरूप पर्याय द्यावेत.

सक्तीची निवड: समान सामाजिक इष्टता असलेल्या दोन विधानांपैकी एक निवडण्यास सांगितल्यास चांगले दिसण्याचा मोह निष्प्रभ होतो. एडवर्ड्‌स यांनी आपल्या व्यक्तिगत पसंती सूचीत हेच तंत्र वापरले. त्यातून व्यक्तीच्या स्वतःच्या गुणांचा परस्पर क्रम कळतो. दोन व्यक्तींची थेट तुलना करणे मात्र कठीण होते.

गोपनीयतेचे तंत्र: संवेदनशील प्रश्नांसाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यादृच्छिक प्रतिसाद तंत्र सुचविले. त्याच्या एका सोप्या रूपात व्यक्ती गुप्तपणे नाणे उडवते. छाप पडल्यास तिने ‘होय’ म्हणायचे, काटा पडल्यास खरे उत्तर द्यायचे. १०० पैकी ६० जणांनी ‘होय’ म्हटले असे मानू. त्यांतील सुमारे ५० ‘होय’ नाण्यामुळे आले. उरलेले १० हे खरे उत्तर देणाऱ्या ५० जणांपैकी आहेत. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण सुमारे २० टक्के. कोणाही एका व्यक्तीचे गुपित उघड होत नाही. समूहाचा अंदाज मात्र मिळतो.

सप्रमाणता दर्शक: स्टार्क हॅथवे व जे. सी. मॅकिन्ली यांच्या मिनेसोटा बहुपैलू व्यक्तिमत्त्व शोधिकेत अशा दर्शक उपमापन्या अंतर्भूत आहेत. १५ विधानांची ‘एल’ उपमापनी सर्वसामान्य माणसात आढळणारे किरकोळ दोष नाकारणाऱ्यांना हेरते. १९८९ च्या ५६७ विधानांच्या सुधारित आवृत्तीत विसंगत उत्तरे व आशय न पाहता दिलेले होकार वा नकार ओळखण्यासाठी स्वतंत्र उपमापन्या आहेत.

शब्दचित्रांचा आधार: गॅरी किंग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत व्यक्तीला काल्पनिक माणसांच्या स्थितीची छोटी वर्णने देऊन त्यांचेही पदनिश्चयन करण्यास सांगितले जाते. सर्वांना तीच वर्णने दिलेली असल्याने पदनिश्चयनातील फरक हा प्रत्येकाच्या मोजपट्टीतील फरक असतो, आणि त्यानुसार स्वतःविषयीचे उत्तर दुरुस्त करता येते. चीन व मेक्सिको यांच्या तुलनेत शासनकारभारात आपले म्हणणे कितपत चालते, याबाबत चिनी उत्तरदाते प्रथम वरचढ दिसले. या दुरुस्तीनंतर क्रम उलटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या जागतिक आरोग्य पाहणीतही शब्दचित्रांचा वापर झाला असून तीत महाराष्ट्रासह भारतातील सहा राज्यांचा समावेश होता. बंगालच्या विधवांबाबत उद्भवलेल्या प्रश्नावर शोधलेला हा एक उपाय म्हणता येईल.

भाषांतर: भारतात एकच मापनी अनेक भाषांत न्यावी लागते. मूळ भाषेतून भाषांतर, स्वतंत्र व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत भाषांतर, पथदर्शी चाचणी आणि त्या त्या लोकसमूहासाठी मानके निश्चित करणे हे टप्पे वगळू नयेत. ‘उदास’ व ‘निराश’ यांतील छटा प्रत्येक बोलीत सारखी नसते.

सवयींचा अतिरेकी बाऊ नको

या विषयाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. १९६५ मध्ये लिओनार्ड रोरर यांनी प्रतिसाद-शैलीचे माहात्म्य ही एक दंतकथा असल्याची टीका केली. त्याच वर्षी जॅक ब्लॉक यांनी मिनेसोटा शोधिकेवरील प्राप्तांकांचे स्पष्टीकरण मुख्यतः आशयातूनच मिळते, असे दाखविले. रॉबर्ट मॅक्रे व पॉल कोस्टा यांनी १९८३ मध्ये सामाजिक इष्टतेच्या मापन्याही शैलीपेक्षा वास्तव गुणच अधिक मोजतात, असे प्रतिपादन केले. जो खरोखर प्रामाणिक व समाधानी आहे, त्याचे उत्तरही ‘इष्ट’च असणार. म्हणून इष्टतेचे गुण सरसकट वजा करणे म्हणजे चांगल्या माणसाला त्याच्या चांगुलपणाचा दंड करणे होय. तसेच गरीब वा अल्पशिक्षित उत्तरदात्याचे प्रत्येक मत ‘सवय’ म्हणून निकालात काढणे हाही पूर्वग्रहच ठरेल. सवयीचा प्रभाव आहे की नाही, हे गृहीत धरायचे नसते; ते तपासायचे असते.

समारोप

स्वनिवेदन मापनी टाकून देणे हा उपाय नव्हे. माणसाच्या मनाविषयी सर्वांत जवळची साक्ष त्याचीच असते. परंतु साक्ष नोंदविताना प्रश्न कसा विचारला, कोणासमोर विचारला, साक्षीदाराला उत्तराचे कोणते परिणाम दिसत होते आणि त्याची मोजपट्टी कोठे घडली, या चार बाबींची नोंद ठेवणे हे संशोधकाचे व प्रशासकाचेही कर्तव्य आहे. १९४४ च्या त्या पाहणीतील २.५ टक्के हा आकडा चुकीने नोंदविला गेला नव्हता. तो विधवांच्या आरोग्याचा आकडा मानणे ही चूक ठरली असती. पाहणीतील तक्ता वाचताना आकडा व त्याचा अर्थ यांतील हे अंतर ओळखणे म्हणजेच सप्रमाणतेचा विचार करणे होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मापनीची विश्वसनीयता उच्च असूनही सप्रमाणता कमी कशी असू शकते? सहमतीच्या प्रवृत्तीच्या आधारे स्पष्ट करा.

२. सामाजिक इष्टतेचे दोन घटक सांगून गोपनीयतेच्या हमीचा प्रत्येकावर होणारा परिणाम विशद करा.

३. सरळ व उलट विधानांच्या समतोलामुळे कोणता दोष दूर होतो व कोणता शिल्लक राहतो? उदाहरण द्या.

४. आरोग्यविषयक निधीवाटपासाठी केवळ स्वनिवेदित आजारांची आकडेवारी वापरण्यातील मर्यादांची भारतीय उदाहरणांसह चर्चा करा.